नऊ टिंबांची लिपी

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तो तणतणतच. तारखांचा हिशेब करणारं काहीतरी त्यानं स्वतः लिहिलं होतं आणि त्याच्या वरच्या बाईंनी ते काढून टाकायला लावलं. का, तर असलं फंक्शन तयार मिळतं, सगळं जग तेच वापरतं, मग तू कशाला नवं लिहीत बसलास, असं त्या म्हणाल्या. "पण आत्या, त्या तयार फंक्शनमध्ये नाही नाही ते भरून ठेवलेलं असतं. आम्हाला लागत नाही ते मी काढून टाकलं. माझं कसं सुटसुटीत आहे." यावर मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.  त्याला वाटलं असेल, म्हातारीला फंक्शन म्हणजे लग्नाचं वाटलं.

फंक्शन म्हणजे काय ते मला खरंच धड कळत नाही. पण "लागत नाही ते काढून टाकलं" हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. ते मी त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्यापायी माझा जन्म पोत्यावर बसून जायची वेळ आली होती. भाच्याला हे फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

आम्ही अकोल्याचे. मी लहान असतानाच मला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. माय बाजारात भाजी विकायची. बाबा कापसाच्या एका प्रेसिंग फॅक्टरीत होते. दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणींवर मार्का मारायचं त्यांचं काम. मार्का म्हणजे व्यापाऱ्याची अक्षरं. ती पत्र्यात छिन्नीनं कापायची, पत्रा गठाणीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. ते पत्रे बाबा स्वतः कापत. शाळा तिसरीतच सुटलेली, पण आपल्या अक्षराचा त्यांना भारी तोरा होता. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांना नावं ठेवत चालायचे.

गल्लीतली पोरं शाळेत जायला लागली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मलाही पाटी पाहिजे. माय वैतागून म्हणाली, "पाटी घेऊन का करशीन? हात फिरोशीन का तिच्यावर?" माय चिडून बोलली, पण बाबांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फॅक्टरीतून पत्र्याची एक पट्टी आणली, मागून खिळा ठोकून तिच्यावर उंचवटे काढले आणि माझं बोट त्यांवर ठेवलं.

"हा क हाय," ते म्हणाले.

तो आनंद मला सांगता येणार नाही, म्हणून सांगत नाही. एवढंच, की मी ती पट्टी घेऊन झोपले.

बाबांनी हळूहळू सगळी अक्षरं बसवली. टिंबांच्या तीन ओळी, दर ओळीत तीन टिंबं. कुठली ठोकायची आणि कुठली मोकळी सोडायची त्यावरून अक्षर ठरायचं. खिळा जाड, त्यामुळे एक अक्षर चांगलं दोन बोटांएवढं व्हायचं, आणि ते कळायला बोट सगळीकडून गोल फिरवावं लागायचं. त्यात आणखी एक गंमत झाली होती. टिंबं पत्र्याच्या मागून ठोकायची, म्हणजे पुढून सगळं उलटं येणार. बाबा जन्मभर सरळ पत्रे कापलेला माणूस, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते मागून डावीकडून उजवीकडे ठोकत गेले आणि मी पुढून उजवीकडून डावीकडे वाचत गेले. फॅक्टरीतले त्यांचे एक मुसलमान दोस्त घरी आले, माझं बोट कसं चाललंय ते बघत बसले आणि हसून म्हणाले, "अरे, तेरी लडकी तो उर्दू पढ रही है!" बाबांना चूक कळली ती तेव्हा. पण तोवर मला सगळी अक्षरं पाठ झाली होती. "जाऊ दे," बाबा म्हणाले, "इले कुटं दुसऱ्याचं वाचाचं हाय?"

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांनी अक्षरं गाळली. पत्रा काही फुकट येत नव्हता, फॅक्टरीतलं भंगार मिळेल तेवढंच. म्हणून त्यांनी काटछाट केली. "आपन पानीच म्हनतो ना? मंग तो दुसरा ण कावून ठेवाचा? आन् ळ त पुन्यावाल्याईले लागते. आपल्या तोंडात डोया, शाया, काया. जे आपल्याले लागत नाई ते मी काढून टाकलं." आमच्या घरात त्याचं कौतुकच झालं. तिसरी शिकलेल्या माणसानं बाराखडी सुधारली होती.

रोज संध्याकाळी बाबा एक नवी पट्टी आणायचे. त्या दिवशी काय झालं ते तिच्यावर असायचं. गठाण घसरली, मुकादमाच्या पायावर पडता पडता वाचली. रस्त्यात म्हैस बसली, तांगे अडले. भजेवाल्यानं तेल बदललं. बाबा तसे घुमे होते, तोंडानं यातलं काही बोलायचे नाहीत. पण खिळा हातात आला की त्यांना वाचा फुटायची. माझ्या खाटेखाली पट्ट्यांचं एक पोतं झालं होतं. त्या सबंध पोत्यात एकही ळ नव्हता आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही.

अमरावतीला आंधळ्या मुलांची शाळा आहे आणि तिथे बोटानं वाचायची लिपी शिकवतात, ही बातमी मायला एका गिऱ्हाईक बाईनं दिली. मायनं ती बाबांना सांगितली आणि आमच्या घरात पहिल्यांदा कडाक्याचं भांडण झालं.

"सहा टिंबं?" बाबा म्हणाले. "सहा टिंबाईत का होते? माह्यात नऊ हाय."

"जास्त टिंबं म्हंजे जास्त चांगली का?" माय म्हणाली. "शंभर ठोका मंग."

बाबांनी मग खरी कारणं काढली, आणि ती काही वेडगळ नव्हती. ती लिपी कागदावर असते, चार बोटं फिरली की टिंबं बसतात. पत्र्याचं टिंब जन्मभर हालत नाही. त्या लिपीत पुस्तकं किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. आणि त्या पुस्तकांत आपल्या अकोल्याचं काय असणार? पण या सगळ्याच्या खाली जे होतं ते मला ऐकू येत होतं. त्यांनी जे एकट्यानं, कुणाला न विचारता, खिळ्यानं आणि भंगारानं उभं केलं होतं, ते आधीच कुणीतरी केलेलं होतं आणि जास्त चांगलं केलेलं होतं, हे त्यांना सोसवत नव्हतं. मी अर्थातच बाबांच्या बाजूची होते. माय एकटी पडली. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग बाबांना मुदतीचा ताप आला. इस्पितळात त्यांना कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. घरी नवी पट्टी येणं थांबलं. मी पोत्यातल्या जुन्याच पट्ट्या काढून वाचत बसायचे. म्हैस पुन्हा रस्त्यात बसायची, गठाण पुन्हा घसरायची. माय इस्पितळातून यायची, चूल पेटवायची आणि माझ्या बोटाचा पत्र्यावरचा खरखर आवाज ऐकत राहायची. एकदा ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुहा बाप मेला असता ना," ती म्हणाली, "त तुहे अक्षरं बी मेले असते. मले नाई वाचता येत थे. कोनालेच नाई येत."

माय असं बोलायची. पुण्याच्या माणसाला फेफरं येईल, पण आमच्याकडे यालाच बोलणं म्हणतात. बाबा इस्पितळातून उठून घरी आले, पण अजून त्यांच्यात उभं राहायचीही ताकद नव्हती, तेव्हाच मायनं मला गाडीत घातलं आणि बडनेऱ्यावरून अमरावतीला नेलं. बाबांनी अडवलं नाही. निघताना माझ्या पिशवीत काही पट्ट्या मात्र त्यांनी सरकवल्या.

शाळेतले गुरुजी स्वतः आंधळे होते. त्यांनी मला काय येतं ते विचारलं. मी ऐटीत पट्टी काढली आणि वाचून दाखवली. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि माझं बोट कसं फिरतं ते पाहिलं.

"बाळ, तू उजवीकडून का सुरू करतेस?"

मी कारण सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी पट्टी बराच वेळ चाचपली आणि म्हणाले, "तुझे वडील हुशार आहेत गं. पण हे काम आधीच झालेलं होतं." मग त्यांनी एक जाड कागद माझ्यापुढे ठेवला. "इथे बोट टेक. हलवू नकोस. सहाच्या सहा टिंबं एकदम लागतात की नाही? म्हणून सहा. ही लिपी हजारो बोटांखालून गेली आहे. जिथे अडायचं तिथे कुणीतरी अडलं, तेव्हा ती सुधारली. तुझ्या वडिलांच्या लिपीत फक्त तू अडलीस, आणि तुला ते कळलंही नाही."

मला त्या माणसाचा असा राग आला! आज तोच शब्दन् शब्द मी भाच्याच्या अंगावर फेकला असता.

मायला त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी मोठी झाली आहे, तिला लहान मुलांच्या वर्गात फार दिवस ठेवता येणार नाही. संक्रांतीपर्यंत तिला वाचता आलं तर ती राहील, नाही तर तुम्ही तिला घरी घेऊन जा. घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. मायशेजारी बाजारात पोतं टाकून बसायचं आणि कुणी मेथी उचलून पळालं तरी कळणार नाही असं बसून राहायचं. माझ्या वयाच्या मुली तोवर बरंच काही करायला लागल्या होत्या. मी दुसरं काहीही करू शकणार नव्हते.

मला वाटलं होतं की ज्याला एक लिपी येते त्याला दुसरी लवकर येईल. झालं नेमकं उलटं. ज्या मुली काहीच न शिकता आल्या होत्या त्या भराभर पुढे गेल्या. मी मात्र बोट ठेवलं की ते आपोआप गोल फिरायला लागायचं, आणि कागदावरची बारीक टिंबं त्याखाली रव्यासारखी नुसती टोचायची. त्यातून बोट उजवीकडून निघायचं. गंमत अशी, की या लिपीत लिहिताना पाटीवर कागद लावून मागूनच टोचावं लागतं, म्हणजे लिहायचं उजवीकडून डावीकडे. ते मला पहिल्या आठवड्यात आलं. वर्गात लिहिण्यात मी पहिली आणि वाचण्यात शेवटची. स्वतः लिहिलेलं मला स्वतःला वाचता येईना. गुरुजींनाही असा विद्यार्थी कधी भेटला नव्हता.

मी बाबांच्या पट्ट्या उशीखाली ठेवून गुपचूप वाचायचे. तेवढंच एक बरं वाटायचं. गुरुजींनी ते ओळखलं, कारण माझ्या बोटांना पत्र्याचा वास यायचा. त्यांनी पट्ट्या मागून घेतल्या आणि म्हणाले, "एका बोटात दोन सवयी राहत नाहीत. एक ठरव." माझ्याकडे ठरवण्यासारखं काय होतं? मी पट्ट्या दिल्या आणि जेवणघराच्या मागे जाऊन बोट चावलं, रक्त येईपर्यंत. मला त्या बोटाचा सूड घ्यायचा होता.

मग तो काळ आला ज्यात मला काहीच येत नव्हतं. पट्ट्या हातात नव्हत्या आणि कागद कळत नव्हता. अकोल्यात मी वाचणारी मुलगी होते. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. इथे मी पुन्हा तीच झाले, देवीनंतरची, पाटी मागत घर डोक्यावर घेणारी. फरक इतकाच की आता मागायला बाबा जवळ नव्हते. दिवाळीला सगळ्या मुली घरी गेल्या, मला अभ्यासासाठी ठेवून घेतलं. रिकाम्या वर्गात बसून मी कागदावर बोट घासायचे आणि मला खात्री वाटायची की हे होणार नाही. देवानं डोळे नेले ते नेले, आता बोटही नेलं.

बोट थोडं वळणावर आलं तेव्हा ळ आडवा आला. या लिपीत ल म्हणजे तीन टिंबांची एक उभी रेघ, डाव्या बाजूला. ळ म्हणजे तशीच रेघ, उजव्या बाजूला. ज्या मुलीच्या बोटाला डावं-उजवंच नक्की कळत नाही तिनं काय करायचं? आणि बोटाला कळलं तरी कानाला कळत नव्हतं. गुरुजी "बाळ" म्हणायचे आणि मी "बाय" लिहायचे. मुली हसायच्या. मग मी घाबरून जिथे तिथे ळ घालायला लागले. एकदा मी लिहिलं, "गाळ दूध देते." गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं, आणि हसू आवरत म्हणाले, "कुठला गाळ गं? विहिरीतला?"

त्यांना हसू येत होतं आणि मला मरावंसं वाटत होतं. कारण आता माझ्या डोक्यातला प्रत्येक शब्द संशयित झाला होता. पाय हा पायच असतो, पण डोया हा डोळा असतो. सोय ही सोयच, पण सकाय ही सकाळ. हे मला कुणीतरी एकेक शब्द धरून सांगायला हवं होतं. बाबांनी पत्र्याची बचत करायला एक अक्षर गाळलं होतं, आणि त्याची भरपाई मी शब्दाशब्दाला करत होते. बाबांवर मी तेव्हा पहिल्यांदा चिडले. कोण लागून गेले हे, बाराखडी सुधारणारे? विचारायचं तरी होतं कुणाला! आणि चिडून झालं की म्हैस आठवायची, भजेवाल्याचं तेल आठवायचं, आणि मी रडायचे.

संक्रांत जवळ आली. परीक्षा शाळेच्या मोठ्या बाईंनी घेतली. त्यांनी एक पान माझ्यापुढे ठेवलं, आधी कधीच न वाचलेलं. मी बोट डावीकडे टेकवलं. ते गोल फिरलं नाही. सरळ चाललं. सावकाश, अडखळत, पण सरळ. पानात विहिरीजवळ केळीची बाग होती, आणि मी विहिरीजवळ केळीची बागच वाचली, केयीची नाही. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. राहू दे हिला." गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझे वडील आलेत. बाहेर बसलेत."

मी भिंतीला धरत धावले. बाबा व्हरांड्यात होते. त्यांचा हात हाडांचा झाला होता. जिवावर उठलेल्या तापानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. आत काय झालं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पूर्वीसारखीच एक पट्टी माझ्या हातात दिली.

मी ती मांडीवर घेतली आणि बोट ठेवलं. बोट डावीकडून निघालं. उंचवटे लागत होते, मोठमोठे, एकेक वेगळे, पण अक्षर होत नव्हतं. मी उजवीकडून सुरुवात केली. बोट गोल फिरवून पाहिलं. नुसती टिंबं होती. थंड पत्रा आणि टिंबं. बाबा वाट बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बाबा, काय लिहिलं हाय?"

 मग त्यांनी पट्टी माझ्या मांडीवरून उचलली आणि डोळ्यांनी वाचून दाखवली. "माही तब्येत आता बरी हाय. मायनं घर सारोलं. तुही गोधडी उन्हात टाकली. तुले न्याले आलो. चाल."

"बाबा, मी पास झाली," मी म्हणाले. "मले ठेवून घेतलं इथं."

"म्हंजे आता वाचता येते तुले?"

"येते."

"सगयं?"

"सगळं," मी म्हणाले.

"मंग हे कावून नाई आलं?"

ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला सांगता येत नव्हतं, की ती लिपी वाचणारं जगात एकच माणूस होतं आणि ते मी शाळेत राहण्यासाठी संपवलं. मी त्यांचा हात धरून रडत राहिले. त्यांनी मला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि गाडीची वेळ झाली तेव्हा उठले.

त्यानंतर बाबांनी पत्र्यावर एकही अक्षर ठोकलं नाही. मला काही कळवायचं असलं की साधं पोस्टकार्ड लिहायचे. ते शाळेत आलं की कुणीतरी डोळस माणूस वर्गात उभं राहून मला वाचून दाखवायचं, आणि ते मोठ्यानं सगळ्यांसमोर वाचलं जाणार हे माहीत असल्यामुळे त्यात बाबा एवढंच लिहायचे, की इकडे सर्व ठीक आहे, अभ्यास कर.